नंबर बरोबर, तरी अंधुक का? कॉन्ट्रास्टची तपासणी कधी, कुठे आणि कशी करून घ्यावी

‘डॉक्टर म्हणतात डोळा ६/६ आहे. चष्म्याचा नंबर दोन वर्षांत बदललेला नाही. मग दिवेलागणीला ओट्याची पायरी का दिसत नाही?’ जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, जिकडून पत्रं येतात तिकडून हा प्रश्न येतोच. फक्त कामधंद्याप्रमाणे त्याचं रूप बदलतं. शेतकऱ्याला काळ्या रानात ठिबकची काळी नळी सापडत नाही आणि पाय अडकतो. जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बाईंना पांढऱ्या रुईतली पिवळसर कवडी पूर्वीसारखी चटकन वेचता येत नाही. सुरत-नागपूर महामार्गावर रोज ये-जा करणाऱ्याला समोरच्या ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला की रस्त्याची कडच हरवते.

यातल्या अनेकांना घरचे लोक ‘वय झालं आता’ म्हणून गप्प बसवतात. तसं बसू नका. तुमची तक्रारही खरी आहे आणि डॉक्टरांनी सांगितलेलं ६/६ सुद्धा खरं आहे. जी तपासणी झाली ती या तक्रारीची नव्हती, एवढंच.

भिंतीवरचा तक्ता काय मोजतो

नेत्रतपासणीचा नेहमीचा तक्ता १८६२ साली हॉलंडमधल्या उट्रेख्ट इथले डॉ. हर्मन स्नेलन यांनी आणला. सहा मीटरवरून ६/६ ची ओळ वाचायची म्हणजे सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंचीचं अक्षर ओळखायचं. ओळी खाली जातात तशी अक्षरं लहान होतात, पण शाई मात्र सगळीकडे काळीकुट्ट आणि कागद पांढराशुभ्र. त्यामुळे कळतं ते एवढंच, की भरपूर उठाव असलेली वस्तू किती बारीक झाली तरी तुम्हाला दिसते.

रोजच्या जगण्यात असा उठाव क्वचित मिळतो. सिमेंटच्या पायरीची कड सिमेंटच्याच रंगाची असते. औषधाच्या चंदेरी पट्टीवरची मुदत बिनशाईची, नुसती दाबून उमटवलेली असते. रेशनकार्डावरचा शिक्का विटलेला असतो. अशा ठिकाणी प्रश्न आकाराचा नसून फिकट आणि गडद यांतला किती कमी फरक डोळ्याला पकडता येतो, याचा असतो. या क्षमतेला कॉन्ट्रास्ट संवेदनशीलता म्हणतात आणि ती वेगळी मोजावी लागते.

निर्णय घ्यायला उपयोगी म्हणून आणखी एकच गोष्ट सांगतो. केंब्रिजमधल्या कॅम्पबेल आणि रॉबसन यांनी १९६८ साली फिकट-गडद पट्ट्या दाखवून केलेलं संशोधन या विषयात पायाभूत मानलं जातं. आपला डोळा सर्वांत तल्लख असतो तो मध्यम जाडीच्या पट्ट्यांना. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या रुंदीत साधारण सहा ते दहा जोड्या मावतील इतपत जाडीच्या. त्याहून फार बारीक किंवा फार रुंद झाल्या की त्या दिसायला जास्त उठाव लागतो. म्हणून एखाद्याचं बारीक वाचन शाबूत राहून माणसांचे चेहरे, पायऱ्या, खड्डे यांचं दिसणं खालावू शकतं. चेहरा आणि पायरी ही मोठी पण फिकट कामं आहेत.

तुमची तक्रार या जातीची आहे का?

- दुपारी ठीक, पण संध्याकाळी, पावसाळी आभाळात किंवा जिन्यात धूसर दिसतं.
- पायरी उतरताना पाय चाचपावा लागतो. चढताना तितका त्रास नाही.
- समोरून येणारा माणूस आवाजावरून ओळखू येतो, चेहऱ्यावरून उशिरा.
- पांढऱ्या कपात दूध किती ओतलं किंवा स्टीलच्या पातेल्यात पाणी किती आहे, ते कळत नाही.
- गाडीचा दिवा डोळ्यांवर आल्यावर पुढचे काही क्षण काहीच दिसत नाही.
- वर्तमानपत्र खिडकीजवळ वाचता येतं, घराच्या मधल्या खोलीत नाही.

यातल्या दोन-तीन गोष्टी लागू पडत असतील, तर एकेक डोळा झाकून त्याच गोष्टी पुन्हा पाहा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो आणि वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. ही घरची चाचपणी आहे. तिच्यावरून रोग ठरवू नका.

आणि या लक्षणांत थांबायचं नसतं: दिसणं एकाएकी कमी होणं, डोळा लाल होऊन दुखणं व दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखं वाटणं, अचानक ठिपके आणि चमका वाढणं, डोळा हलवताना दुखून रंग फिके पडणं. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. कॉन्ट्रास्टची तपासणी नंतर.

तपासणी नेमकी कशी होते

सगळ्यांत रुळलेला तक्ता पेली-रॉबसन यांचा, १९८८ सालचा. तो स्नेलनच्या उलट आहे. सगळी अक्षरं एकाच आकाराची, सुमारे पाच सेंटिमीटर उंच. शाई मात्र तीन-तीन अक्षरांच्या गटागणिक फिकी होत जाते. वरच्या कोपऱ्यातलं अक्षर काळं, शेवटच्या गटातलं कागदावर आहे की नाही अशी शंका यावी इतकं पुसट. तुम्हाला एक मीटरवर बसवतात. तीनपैकी दोन अक्षरं ओळखली तर तो गट जमला. आधी एकेक डोळा, मग दोन्ही मिळून. बहुतेकांना पाच-सात मिनिटं पुरतात, दुखत-खुपत काही नाही.

तिथे बसल्यावर एक अनुभव हमखास येतो आणि त्याची आधीच कल्पना असलेली बरी. ‘पुढे काही नाही, कोरं आहे,’ असं वाटतं. त्या कोऱ्या जागेकडे पंधरा-वीस सेकंद पाहत राहिलात, तर अक्षराचा एखादा बाक हळूच वर येतो. तपासणाऱ्याने तेवढा वेळ द्यायला हवा आणि तुम्ही अंदाज सांगायला हवा. चुकलं तर बिघडत नाही. लाजून ‘नाही दिसत’ म्हणालात तर मात्र आकडा विनाकारण खाली येतो. घाई केलेली तपासणी आमच्या मते न केलेल्यापेक्षा वाईट, कारण तिचा आकडा कागदावर राहतो.

आकडा असा वाचा:

- २.० म्हणजे कागदापेक्षा फक्त १ टक्का गडद अक्षरही दिसलं. उत्तम.
- तरुण, निरोगी डोळ्याला साधारण १.८ च्या आसपास येतं. साठीनंतर थोडं कमी येणं स्वाभाविक.
- १.५ म्हणजे निदान ३ टक्क्यांचा फरक लागतो. याच्या खाली गेलात तर कारण शोधायलाच हवं.
- १.० म्हणजे १० टक्के फरक लागतो. इथे रोजच्या हालचालींत अडथळे येतात.

एक गट म्हणजे ०.१५. पुढच्या खेपेला एका गटाचा फरक पडला तर घाबरू नका, तेवढं मागेपुढे होतं. दोन गट, म्हणजे ०.३० ने घट झाली तर ती खरी समजा.

तक्त्यावरची अक्षरं इंग्रजी असतात. तुम्हाला किंवा तुमच्या आजींना ती येत नसतील तर तसं आधीच सांगा. हातातल्या कार्डावर तसंच अक्षर बोटाने दाखवून चालतं. काही ठिकाणी तुटक्या कड्याची फट कुठल्या बाजूला आहे ते विचारणारे तक्ते असतात, आणि लहान मुलांसाठी पुसट होत जाणाऱ्या हसऱ्या चेहऱ्याची कार्डं. अक्षर न येणं हा नजरेचा दोष नव्हे. त्यासाठी कुणी गुण कापू नयेत.

मोबाइलवरच्या चाचण्यांवर आणि तक्त्याच्या झेरॉक्सवर विसंबू नका. इतक्या फिकट छटा छपाईत बिघडतात आणि पडद्याचा उजेड कमी-जास्त केला की उत्तर बदलतं.

कुठे जायचं, काय म्हणायचं

जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, या दोन्हींकडे नेत्ररोग विभाग आहे. जळगावात कांताई नेत्रालय हे फक्त डोळ्यांचं रुग्णालय आहे. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतील तर प्राथमिक तपासणी तिथेच होते. चोपड्याहून किंवा साक्रीहून एसटीचं भाडं खर्चून निघण्यापूर्वी फोन करून विचारा: ‘तुमच्याकडे कॉन्ट्रास्टचा तक्ता आहे का, आणि तो कुठल्या वारी करतात?’

तक्ता नसला तरी परत फिरू नका. तक्ता उणीव मोजतो, कारण सांगत नाही. कारण शोधायला लागतं ते स्लिट लॅम्प, डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करून डोळ्याच्या आतल्या पडद्याची (रेटिनाची) तपासणी आणि गरजेप्रमाणे ओसीटी (पडद्याचं स्कॅन) किंवा दृष्टिक्षेत्राची चाचणी. हे बहुतेक नेत्रतज्ज्ञांकडे होतं.

मात्र तक्रार नीट सांगा. ‘दिसत नाही’ म्हणालात तर भिंतीवरचा तक्ता पुढे येणार आणि ६/६ वर गाडी थांबणार. त्याऐवजी म्हणा, ‘डॉक्टरसाहेब, बारीक अक्षर दिसतं, पण अंधारून आलं की पायरीची कड दिसत नाही, डाव्या डोळ्याने जास्त.’ या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

जाताना:

- रोजचाच चष्मा न्या आणि आधी साबणाच्या पाण्याने धुवा. शर्टाच्या टोकाने किंवा गमछ्याने धुळीसकट पुसलेल्या काचेवर बारीक ओरखड्यांचं जाळं होतं. तेच कित्येकांचं अर्धं दुखणं असतं.
- जुने कागद, चालू औषधांची यादी, साखरेचा शेवटचा रिपोर्ट.
- कॉन्ट्रास्टची तपासणी बाहुली मोठी करणारे थेंब टाकण्यापूर्वी करायला सांगा.
- थेंब टाकल्यावर काही तास मोटारसायकल चालवू नका. सोबत माणूस आणि गॉगल हवा. मे महिन्यात तर हवाच.

आकडा कमी आला, पुढे काय

*मोतीबिंदू.* आपल्याकडे सर्वांत जास्त सापडणारं कारण. ‘अजून पिकला नाही, थांबा’ हा सल्ला जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेच्या काळातला. आज फेको पद्धतीने शस्त्रक्रिया करायला पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. उलट फार पिकला की ती अवघड होते. तक्त्यावर ६/९ दिसत असूनही रात्री गाडी चालवणं किंवा रानात जाणं जमत नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार रास्त आहे. याउलट मोतीबिंदू आहे पण तुमचं कुठलंच काम अडत नाही, तर केवळ सांगितलं म्हणून घाई करू नका. इथे निर्णय तुमच्या कामावरून व्हावा.

*लेन्सची निवड.* माणसं सर्वांत जास्त गोंधळतात ती इथे. ‘जवळचं-लांबचं दोन्ही दिसेल, चष्मा लागणार नाही’ अशी मल्टिफोकल लेन्स महाग असते, म्हणून ती चांगली असणार असा समज होतो. ही लेन्स आत येणारा उजेड वेगवेगळ्या अंतरांसाठी वाटून देते. त्यात कॉन्ट्रास्ट थोडा घटतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. रात्रीची ट्रक-टेम्पोची ड्रायव्हरकी, काचबिंदू किंवा मधुमेहाने पडदा खराब झालेला, यांपैकी काही असेल तर साध्या मोनोफोकल लेन्सबद्दल आधी विचारा. चष्मा लागेल, पण नजर स्वच्छ राहील. आमचा कौल अशा वाचकांसाठी सरळ साध्या लेन्सला आहे.

*शस्त्रक्रियेनंतर पुन्हा धूसर.* काही महिन्यांनी किंवा वर्षांनी लेन्समागच्या पातळ आवरणावर जाळी येते. लोक म्हणतात ‘मोतीबिंदू परत आला’. तो परत येत नाही. याग लेसरने ही जाळी बहुधा एका बैठकीत मोकळी होते, डोळा कापावा लागत नाही.

*मधुमेह आणि काचबिंदू.* दोन्हींत तक्त्यावरची नजर बराच काळ टिकते आणि आतून हानी चालू राहते. झालेली हानी सहसा भरून येत नाही, पुढची थांबवता येते. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासाच, दिसत असलं तरी.

*क्षयरोगाची औषधं.* एथॅम्ब्युटॉल या गोळीचा काहींच्या दृष्टिनाडीवर परिणाम होतो. रंग आणि उठाव आधी फिके पडतात. उपचार चालू असताना असं जाणवलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मनाने बंद करू नका.

*कोरडा डोळा.* पापणी मिटली की क्षणभर स्वच्छ आणि पुन्हा धूसर होत असेल तर हे कारण असू शकतं. उष्ण, धुळीच्या हवेत ते साहजिक आहे. थेंबांनी आराम पडतो, पण दुकानातून स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून आणू नका. त्यांनी काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही ओढवतात.

इथे पैसे घालू नका

रात्री गाडी चालवायला पिवळ्या काचांचे चष्मे महामार्गावरच्या टपऱ्यांवर ‘नाइट व्हिजन’ म्हणून विकतात. अमेरिकेत २०१९ साली सिम्युलेटरवर झालेल्या अभ्यासात त्यांनी रात्रीचा पादचारी ओळखण्यात काहीच सुधारणा झाली नाही. कुठलीही रंगीत काच उजेड अडवते, आणि रात्री तोच कमी असतो. त्या पैशांत हेल्मेटची ओरखडलेली काच बदला. चष्म्याला चकाकी कमी करणारं कोटिंग मात्र उपयोगी पडतं. डोळ्यांच्या व्यायामाने किंवा मध घातल्याने मोतीबिंदू विरघळत नाही.

लायसन्स, रेल्वेभरती, दिव्यांग प्रमाणपत्र

वाहन परवान्याच्या नमुना १ मध्ये तुम्ही लिहून देता, की *चांगल्या दिवसाच्या उजेडात* २५ मीटरवरून मोटारीच्या नंबरप्लेटवरचं ओळखू येतं. रातांधळेपणाचाही प्रश्न त्यात आहे. कॉन्ट्रास्टची अट नाही, म्हणजे लायसन्स हातात असलं तरी रात्री चालवायला नजर लायक आहे असं होत नाही. तुमचा आकडा १.५ च्या खाली असेल तर रात्रीची गाडी डॉक्टरांशी बोलेपर्यंत दुसऱ्याच्या हाती द्या. घरात दुसरा चालवणारा नसेल तर निघायची वेळ बदला.

भुसावळ परिसरातल्या मुलांसाठी: सहायक लोको पायलटसारख्या पदांच्या ए-१ श्रेणीत चष्म्याविना ६/६ सोबत रंगदृष्टी, रात्रीची आणि मंद प्रकाशातली दृष्टीही तपासतात, आणि नंबर घालवायची लेसिक शस्त्रक्रिया केलेले उमेदवार बाद होतात. क्लासची फी भरण्यापूर्वी डोळे तपासून घ्या. चष्मा काढायची घाई करून अनेकांनी हीच वाट स्वतः बंद केली आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे अल्पदृष्टी ठरते ती चांगल्या डोळ्याच्या, चष्मा लावून मोजलेल्या दृष्टीवर (६/१८ किंवा त्याखाली, ३/६० पर्यंत) किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी असल्यास. केवळ कॉन्ट्रास्ट कमी आहे म्हणून प्रमाणपत्र मिळत नाही. हा कायद्यातला उणेपणा आहे असं आम्हाला वाटतं. पण काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असेल तर दृष्टिक्षेत्राची चाचणी मागून घ्या. त्या निकषावर तुम्ही बसू शकता. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात होते.

तुमचे हक्क

- चष्म्याचा नंबर आणि तपासणीचे आकडे लेखी मागा. त्याच आवारातल्या दुकानातून चष्मा किंवा औषध घेण्याची सक्ती कुणी करू शकत नाही.
- केसपेपरची प्रत मागितल्यावर ती ७२ तासांत द्यावी, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत आहे.
- शस्त्रक्रियेपूर्वी लेन्सचं नाव, प्रकार आणि एकूण खर्च लिहून घ्या. लेन्सच्या डबीवरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या आणि जपून ठेवा.
- दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी रिपोर्ट अडवता येत नाहीत.
- शासकीय रुग्णालयांत राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लेन्ससह मोफत होते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला सोबत न्या.

जे डोळ्यात सुधारत नाही ते घरात सुधारा

उपचारानंतरही आकडा कमीच राहिला तर आजूबाजूचा उठाव वाढवायचा. ओट्याच्या आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला दोन बोटं रुंदीची पिवळी ऑइलपेंटची पट्टी मारा; सुरुवात शेवटच्या पायरीपासून करा, पडण्याचा धोका तिथे मोठा. दूध-ताक गडद रंगाच्या पेल्यात, चहा पांढऱ्या कपात. स्विचबोर्डाभोवती गडद चौकट. वाचायचा दिवा डोक्यावर न ठेवता खांद्यामागून, पुस्तकाच्या जवळ. पत्रं, हिशेब काळ्या जाड स्केचपेनाने. औषधाच्या पट्टीवर मुदत आणणाऱ्यानेच मोठी लिहून द्यावी.

रानात रात्रीच्या विजेला पाणी द्यायला जाणाऱ्यांनी ठिबकच्या मुख्य फाट्यांवर आणि व्हॉल्व्हवर पांढऱ्या रंगाच्या खुणा कराव्यात, बॅटरी हातात न धरता कपाळाला बांधावी आणि पायात गमबूट घालावेत.

गतिरोधकांवर काळे-पांढरे पट्टे मारणं हा भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांचा भाग आहे, कुणाची मेहेरबानी नाही. तुमच्या गल्लीतला बिनरंगी गतिरोधक महापालिकेच्या हद्दीत असेल तर आयुक्तांच्या नावाने, राज्यमार्गावर असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे साध्या कागदावर अर्ज द्या. जागेची खूण, संध्याकाळी काढलेला एक फोटो आणि चार शेजाऱ्यांच्या सह्या जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.